कमळाकरदादांची खांड

आमच्या गोडाऊनमध्ये रोज सकाळी सगळे गोल उभे राहून चहा पितात आणि आदल्या दिवशीच्या आपापल्या चुका सांगतात, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "कामाला जातोस का बैठकीला?"

कामालाच जात होतो. पण तिच्या शंकेत तथ्य होतं. हे ज्यांनी सुरू केलं ते कमळाकरदादा बोलायला लागले की समोरचा माणूस हातातला मोबाइल नकळत खिशात टाकतो. त्यात भक्तीबिक्ती काही नाही, आवाजच तसा आहे. दादा पेणच्या खाडीकडचे. तिकडे या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, त्यामुळे कुजबुजणं हा प्रकार त्यांना जमतच नाही. गावात कोणाच्या सोयरिकीची बोलणी असली की त्यांना मुद्दाम दुसऱ्या दिवशी कळवतात म्हणे. "मास्तर, जरा इकडं या," असं ते मला हळूच म्हणतात तेव्हा जवळच्या निडी स्टेशनात गाडीची वाट बघत उभा असलेला एखादा खराखुरा मास्तर दचकत असेल. मला मास्तर म्हणायचं कारण माझा चष्मा. मी रोह्याचा, बी. कॉम. झालेला, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बसतो. कोणती गाडी कुठे गेली हे मला माहीत असतं. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही.

गोडाऊन म्हणजे निळ्या पत्र्याचं एक लांबलचक धूड. नाव लिहीत नाही, पगार अजून तिथूनच येतो. आत एका बाजूला प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला छताला भिडतील असे लोखंडी रॅक आणि त्यांवर पंखे-कूलरची खोकी. मधून फोर्कलिफ्ट फिरतात आणि त्यांच्यामधून माणसं. माळ्यावर काचेची केबिन, तिच्यात निलेशसाहेब, आमचे मॅनेजर.

निलेशसाहेब आणि कमळाकरदादा एकाच गावचे. नुसते गावचे नाहीत, शेजारच्या वाट्याचे. हे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं आणि त्यावरच पडलं.

दादांच्या गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. तो सगळ्या गावाचा, पण प्रत्येक घराला त्यातला एकेक वाटा नेमून दिलेला. आपल्या वाट्याची डागडुजी आपण करायची. या पद्धतीला तिकडे जोळ म्हणतात. बांधात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळं करतात. उधाणाच्या पाण्याला एवढंसं बीळ सापडलं की पुरतं. थोड्याच वेळात तिथे बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडतं. त्याला म्हणायचं खांड. खांड ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, ओरडा ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकून चिखल घेऊन धावायचं. आणि जोळीचा सगळ्यात जुना नियम असा, की खांड कोणाच्या वाट्यात गेली, कोणी बीळ बुजवायचं राहू दिलं, हे विचारायचं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. भावकीच्या भांडणात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, पण खांडीचा विषय निघत नाही.

"इचाराला लागलात तर दुसरे टायमाला कोण वरडंल?" दादा सांगायचे. "मानूस आपली खांड लपवंल. न गाव बुडंल."

दादांची स्वतःची शेती पुढे खारी झाली आणि ते आमच्याकडे हमालीला आले. तिथून मुकादम झाले. निलेशसाहेबांचे वडील त्यांच्या शेजारच्या वाट्याचे. दोघांनी मिळून कितीतरी उधाणं अंगावर घेतली होती. लहानगा निलेश बांधावर बसून दोघांच्या भाकऱ्या राखायचा. तो इंजिनीअर झाला, मॅनेजर होऊन आमच्याकडे आला, तेव्हा दादांनी पहिल्याच दिवशी त्याला 'साहेब' म्हटलं आणि साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, मला साहेब म्हणा पण मी तुम्हाला दादाच म्हणणार. माणूस वाईट नव्हता. हे वाक्य मी आजही खोडत नाही, त्यामुळेच तर त्रास होतो.

सेफ्टीचं प्रकरण सुरू झालं ते उन्हाळ्यात. दाण्यांच्या गोण्या गुळगुळीत असतात, एकीवर एक सरकतात. एका दुपारी थप्पी फुगल्यासारखी झाली. दादांनी ते पाहिलं आणि "खांड गेली रं" असा ओरडा घातला. खांड म्हणजे काय हे गोडाऊनमध्ये कोणालाही ठाऊक नव्हतं, पण त्या आवाजाला अर्थाची गरज नसते. सगळे पळाले. झाडू मारणाऱ्या वैशालीताईही पळाल्या, आणि त्या जिथे वाकलेल्या होत्या तिथे गोण्यांचा डोंगर येऊन बसला. त्यांचा झाडू अजून त्याखालून निघायचा आहे असं त्या सांगतात आणि नवीन झाडू मागतात.

हेड ऑफिसला हे कळलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली, की पाच वर्षांचा सुरक्षेचा आराखडा दाखवा, नाहीतर माल दुसरीकडे ठेवतो. मग पनवेलहून मृणाली मॅडम आल्या. कारखान्यांना असे आराखडे आखून द्यायचा त्यांचा व्यवसाय. आम्हाला वाटलं, पडद्यावर हेल्मेट घातलेले गोरे लोक दाखवतील आणि जेवून जातील. तसं झालं नाही. बाई दोन शिफ्ट आमच्याबरोबर नुसत्या हिंडल्या, टपरीवर वडापाव खाल्ला आणि मग म्हणाल्या की जमिनीवर पट्टे मारणं, बूट देणं हे कोणीही सांगेल. मोठा अपघात अचानक होत नाही. त्याआधी तो बऱ्याचदा होता होता राहिलेला असतो आणि ते कोणाला तरी माहीत असतं. तो माणूस सांगतो का, एवढाच प्रश्न आहे.

दादा हे ऐकून उठूनच उभे राहिले. हे तर बांधाचंच झालं, म्हणाले. चिंबोरीचं बीळ.

आणि आराखडा झाला. कागदावर मी टाइप केला, पण तो दादांचा होता. गोडाऊनचे वाटे पाडले, एकेका टोळीला एकेक वाटा. पहिलं वर्ष फक्त सांगायचं: रोज सकाळी गोल उभं राहायचं आणि काल आपल्या वाट्यात काय होता होता राहिलं ते बोलायचं. दुसऱ्या वर्षी माणसांची वाट वेगळी, गाड्यांची वेगळी. तिसऱ्या वर्षी रॅकच्या प्रत्येक पायाला लोखंडी कठडा, कारण पाय वाकला की वरचं सगळं खाली. चौथ्या वर्षी नव्या माणसांना शिकवायचं काम जुन्यांनी करायचं. पाचव्या वर्षी दादा रिटायर होणार होते, म्हणून त्या रकान्यात त्यांनी मला एकच ओळ लिहायला लावली: माझ्याशिवाय चालवून बघणे.

निघताना मृणाली मॅडमनी दादांना बाजूला घेतलं. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे साहेबांकडून लेखी घ्या, म्हणाल्या, हेड ऑफिसच्या सहीने. दादा हसले.

"मॅडम, तो आमचे शेजारचे वाट्यातला हाय."

मॅडमना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, तरीपण घ्या.

दादांनी घेतलं नाही. बांधाच्या माणसाकडून खांडीबद्दल लेखी मागायचं म्हणजे त्याला त्याच्या बापाचं नाव विचारण्यासारखं आहे, असं ते मला म्हणाले. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. शिकलेल्या बाईला गावाकडची गोष्ट कशी कळत नाही, असंही वाटून गेलं. बाईंना गावाकडची गोष्ट कळत नव्हती हे खरंच. त्यांना गोडाऊनची कळत होती.

लेखी नाही तरी तोंडी झालं, आणि थाटात झालं. निलेशसाहेब खाली आले, सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले आणि एरवीची पुस्तकी भाषा सोडून गावच्या बोलीत म्हणाले, "जो खांड सांगंल त्याचे पोटावर पाय येनार नाय. बांधाची आन हाय." दादांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं की काय ते दिसू नये म्हणून असेल. मग मान वर करून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, साहेबांचा शब्द तो माझा शब्द. ज्याला विश्वास नसेल त्याने माझ्यावर ठेवा.

पहिले काही दिवस कोणी काही बोललं नाही. गोलात नुसते चहाचे फुरके. मोरू नावाचा एक लोडर आहे, तो तर रोज "काय नाय" एवढंच म्हणायचा. फुटलेली खोकी थप्पीमागे लपवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. पण काय नाय.

पहिली खरी खांड सांगितली केरूमामांनी. हे रोह्यापलीकडच्या आतल्या गावचे, भात आणि वाल पिकवणारे, आणि आमच्याकडचे सगळ्यात जुने फोर्कलिफ्टवाले. त्यांनी कपातच बघत सांगितलं, "मी उनातून आत येतो ना, तर दारात थोडा वेळ मला काय दिसत नाय. काल वैशाली समोर होती. मी नाय गाडी थांबवली. तीच हलली."

फोर्कलिफ्टवाल्याने आपल्याला दिसत नाही असं सांगणं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. मामांचा आवाज बारीक, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही; तेव्हा दादांनी नेहमीप्रमाणे ते आपल्या आवाजात पुन्हा सगळ्यांना सांगितलं. वैशालीताई म्हणाल्या, "एकदा गोनीखाली, एकदा गाडीखाली. माझ्या नवऱ्याला कलवू नका, तो तुम्हाला रोज चहा पाजंल." मग सगळे हसले आणि केरूमामाही हसले.

त्याच दुपारी दादांनी प्रत्येकाला उन्हात उभं करून आत आणलं. कोणालाच दिसेना. मलाही नाही, पण माझ्या चष्म्यामुळे माझी साक्ष धरली नाही. म्हणजे मामांचे डोळे ठीक होते, दार वाईट होतं. दारावर हिरवी जाळी टाकली, आणि आतल्या पहिल्या रॅकवर पांढऱ्या रंगात एक भलामोठा 'ग' काढला. गाडी दारात थांबवायची, 'ग' वाचता आला की आत यायचं. 'ग' कशाचा, यावर बरेच दिवस वाद चालला. गणपतीचा, गोडाऊनचा, गाढवाचा. पण थांबायला सगळे लागले.

त्यानंतर माणसं मोकळी झाली. कोणाच्या मालाचा पट्टा सैल होता, कोणी जास्त उंच थर लावला होता, कोणाला झोप लागली होती, सगळं गोलात यायला लागलं. दादा प्रत्येक खांड आपल्या आवाजात परत सांगायचे आणि ज्याने सांगितली त्याला पहिला चहा मिळायचा. "आज पयला चहा कोनाचा?" हा आमच्याकडचा नमस्कार झाला. पावसाळाभर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कधी कधी मी वर बघायचो, तर काचेमागे निलेशसाहेब उभे असायचे, हातात कप. आम्हाला वाटायचं, तेही आमच्याबरोबर चहा पितायत.

दिवाळीच्या तोंडाला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा नवा करार होतो. या वेळी थर लावायचं एक मशीन येणार होतं आणि माणसं कमी होणार होती. होतं असं, त्याबद्दल कोणी रडलं नसतं. पण कोण गेले ते कळलं तेव्हा सकाळी गोल झालाच नाही. केरूमामा गेले. पट्टा सैल असलेला गेला. झोप लागलेला गेला. ज्यांना कधी ना कधी पहिला चहा मिळाला होता ते बहुतेक गेले. मोरू राहिला.

दादांनी ठेकेदाराला टपरीवर गाठलं. तो म्हणाला, माझ्यावर कशाला डोळे काढता, नावं साहेबांनी दिली. कोण कसा काम करतो ते त्यांना पाठ आहे. रोज सकाळी तुम्हीच तर ओरडून सांगायचात.

त्या दुपारी दादा मला म्हणाले, मास्तर, गाडी काढा. मी त्यांना मागे बसवून केरूमामांच्या गावी नेलं. खळ्यात भाताची झोडणी चालली होती. मामा आणि सीताबाई, त्यांची बायको, दोघंच. आम्ही पडवीत टेकलो. सीताबाईंनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि त्या परत खळ्याकडे गेल्या. चुलीला जाळ होता, पण चहा काही आला नाही. आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा चहा विचारतात. दादांना ते कळलं. त्यांनी पाणीही अर्धंच प्यायलं.

दादा म्हणाले, की नावं त्यांनी दिली नाहीत, त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते साहेबांशी बोलतील. मामा हातातली पेंढी न ठेवता ऐकत राहिले. दादांबद्दल त्यांना राग आहे असं दिसत नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं.

"मी हळूच सांगितलं होतं, कमळाकर," ते म्हणाले. "वरडून तू सांगितलंस."

परतताना मी आरशात दोनदा बघितलं, दादा मागे आहेत ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये गेले तेव्हा मी डिस्पॅचच्या सह्या घ्यायला आत उभाच होतो. साहेबांनी मला जा म्हटलं नाही, आणि मीही गेलो नाही. दादांनी दार लावलं. आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"निलेश, तू आन घेतली व्हतीस."

साहेबांनी खुर्ची पुढे केली, दादा बसले नाहीत. मग साहेबांनी समजावून सांगायला सुरुवात केली. वरून आकडा आला होता, तेवढी माणसं कमी करायचीच होती, मी नाही केली असती तर दुसऱ्याने केली असती. हे सगळं आम्हाला ठाऊकच होतं. मग ते अगदी मनापासून म्हणाले, "दादा, मी कोणाला काढू? मोरूला काढू? त्याचं काय चुकतं ते मला माहीतच नाही. त्याने कधी सांगितलंच नाही."

मला वाटतं, साहेबांना यात काही वावगं दिसतच नव्हतं. दोन पारड्यांत वजन टाकून बघावं तसं त्यांनी बघितलं होतं, आणि एका पारड्यात टाकायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

दादा म्हणाले, "बांधावर तुज्या बापाचे वाट्यात खांड गेली, तवा मी इचारला व्हता का?"

"हा बांध नाय, दादा," साहेब म्हणाले. "बांधावर पगार कोण देतो?"

दादा बाहेर आले. जिन्यावर त्यांनी कठडा धरला. त्यांना असं काही धरून उतरताना मी आधी पाहिलं नव्हतं. नोकरी त्यांनी सोडली नाही. का सोडली नाही, हे मी एकदा विचारलं, तर म्हणाले, मी गेलो तर ज्यांना मी शब्द दिला त्यातले जे उरलेत त्यांच्याकडे कोण बघंल. मग म्हणाले, न शब्द तरी कुठं ठेवू.

गोल पुन्हा सुरू झाला, कारण तो आता आराखड्यात होता आणि वर कळवलेला होता. चहा यायचा. दादा एकेकाकडे बघायचे. काय नाय. काय नाय. काय नाय. मोरूची दीक्षा सगळ्यांनी घेतली. बाकी गोडाऊन तेच, माणसं बरीचशी तीच, 'ग'सुद्धा तोच.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. आमच्या गोडाऊनला कंपनीतला पहिला नंबर मिळाला: वर्षभरात अपघात नाही, आणि हिवाळ्यापासून तर होता होता राहिलेलं काहीसुद्धा नाही. हेड ऑफिसचे पाहुणे आले, मंडप घातला, रांगोळी काढली. ट्रॉफी काचेची, आणि इतकी टोकदार की कुठे धरावी कळेना. सेफ्टीची ट्रॉफी असावी तर अशी. निलेशसाहेबांनी भाषणात 'आमचे कर्मचारी श्री. कमळाकर' असा उल्लेख केला. दादा हा शब्द आला नाही. शाल झाली, नारळ झाला आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे आला. दादांना माइक देणं म्हणजे खाडीला पाणी देणं. सगळे मनात तयार झाले.

दादांनी माइक थोडा लांब धरला.

"एक खांड सांगतो. ती माज्या वाट्यात गेली. मी मान्सांना शब्द दिला, तो माजा नव्हता. केरू गेला, बाकीचे गेले. बीळ मना दिसला व्हता, एका बाईने दाखवला पन व्हता, मी बुजवला नाय."

आम्ही सगळे खाली बघत होतो. पुढच्या रांगेत पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं ना, की इथे कामगार उभे राहून आपापल्या चुका सांगतात. त्यांना वाटलं, दादांनी नमुना करून दाखवला. एक पाहुणे तर भारावून शेजारच्यांना म्हणाले, की बघा, किती मोकळं वातावरण आहे. निलेशसाहेबही टाळ्या वाजवत होते. दादांकडे न बघता.

त्यानंतर काही दिवसांनी मिथुनची गाडी रॅकला लागली. मिथुन म्हणजे केरूमामांच्या जागी आलेला पोरगा. पेणचा. आधी कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती टेम्पोने गावोगाव पोचवायचा आणि कुठल्या गणपतीचं बोटसुद्धा मोडलं नाही म्हणून मिरवायचा. इथे गोल संपला, सगळ्यांचं काय नाय म्हणून झालं, आणि तासाभरात तो दादांजवळ येऊन उभा राहिला. मी शेजारीच पावत्या तपासत होतो.

"दादा, मागच्या रॅकला माझ्याकडून लागलं. पाय वाकलाय. कोणी बघितलं नाही." मग म्हणाला, "मला सांगितलंय सगळ्यांनी, बोलू नको म्हणून. पण वर पंखे आहेत आणि खाली वैशालीताई झाडते."

आराखड्यात तिसऱ्या वर्षी त्या पायाला कठडा बसायचा होता. दादा धावत गेले, वैशालीताईंना हाताला धरून बाहेर काढलं, वाकलेल्या पायासमोर उभे राहिले आणि त्यांनी ओरडा घातला: खांड.

पूर्वी या शब्दाबरोबर सगळे पळायचे. आता सगळे थांबले आणि सगळ्यांनी आधी वर काचेकडे बघितलं. मीसुद्धा. दादा तसेच उभे. मग वैशालीताई पुढे झाल्या, मग आणखी कोणी, शेवटी मोरूसुद्धा आला. खांड कोणाची, हे कोणी विचारलं नाही. शिडी लावली, वरून एकेक खोकं हातोहात खाली घेतलं. मिथुन रांगेतच होता. रॅक रिकामा होत आला तेव्हा तो वाकलेला पाय करकरला आणि आणखी जरा वाकला. वर सगळा माल असता तर काय झालं असतं, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तोपर्यंत निलेशसाहेब जिना उतरून आले. त्यांनी पाय बघितला, खोकी बघितली, घामेजलेल्या माणसांकडे बघितलं. काम चांगलं झालं, म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं, की हे कोणाकडून झालं.

रांगेत काय नाय सुरू झालं. साहेब एकेकापुढून सरकत दादांपुढे आले आणि थांबले. दादा आजवर त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, हे साहेबांना ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

"दादा, तुम्ही सांगा."

दादांनी मिथुनकडे बघितलं नाही. वाकलेल्या पायाकडे बघत म्हणाले, "मना ठाव नाय, साहेब."

पण ते इतकं हळू, की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं.